मुलगी मागायला आलात? आधी प्रार्थना करा

मुलींच्या बोर्डिंगची मेट्रन म्हणजे नक्की काय करणारी बाई, हे आताच्या पोरींना फोड करून सांगावं लागतं. माझी भाचसून म्हणते, "म्हणजे वॉर्डनच ना, आत्याबाई?" वॉर्डन नव्हे बाई. वॉर्डन दाराशी उभी राहते. मी घरभर असायची. पहाटे घंटा वाजवायची ती मी. ज्वारी निवडून दळायला लावायची, भाकऱ्या थापणाऱ्या मुलींची पाळी लावायची, शनिवारी डोक्यातल्या उवा काढायच्या, खरजेला गंधकाचं मलम चोळायचं, आणि रविवारी सगळ्या जणींना पांढरी पातळं नेसवून दोघी-दोघींच्या रांगेनं नगरच्या रस्त्यावरून चर्चला न्यायचं. दुसऱ्या लढाईचे दिवस. रॉकेल मिळायचं नाही, साखर दिसायची नाही, रेशनचा गहू असा यायचा की निवडता निवडता अर्धी पाटी खड्यांचीच निघायची. तरी शंभरेक पोरी रोज जेवून झोपत, याचं मला आजही नवल वाटतं आणि देवाचे आभार मानावेसे वाटतात.

पण ह्या सगळ्याच्या वर एक काम होतं. मला नेमताना त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. ते म्हणजे लग्नं जमवणं.

बाहेरच्या वाचकांना हे चमत्कारिक वाटेल. आमच्या बोर्डिंगात निम्म्या मुली अनाथ होत्या. कुणाचे आईबाप प्लेगात गेलेले, कुणाला दुष्काळात कुणीतरी मिशनच्या फाटकाशी ठेवून गेलेलं. त्यांची वडीलधारी माणसं म्हणजे मिशन. आणि जिल्ह्यातल्या खेड्याखेड्यांत आमच्या समाजाचे तरुण शाळामास्तर, कंपाउंडर, मोटारड्रायव्हर झालेले. त्यांना चार बुकं शिकलेली, प्रार्थनेला बसणारी बायको हवी. ती कुठं मिळणार? मग धुतलेलं धोतर किंवा उसना कोट घालून, गावच्या पाळकांची, म्हणजे चर्चच्या पाद्रीबाबांची, शिफारस घेऊन ते थेट आमच्याकडे येत. परवानगी द्यायच्या मिसबाई. त्या बोर्डिंगच्या प्रमुख, अमेरिकेहून तरुणपणी आलेल्या आणि नगरच्या उन्हात केस पांढरे केलेल्या. पण माणूस पारखून, निवडून, पाखडून त्यांच्यापुढे ठेवायचा तो मी. मिसबाईंना मराठी उत्तम यायचं, माझ्यापेक्षा शुद्ध. मात्र उसना कोट कुठला आणि अंगचा कुठला, हे त्यांना कळत नसे.

मुलगा आला की त्याला व्हरांड्यात बसवायचं. मुलगी चहा घेऊन यायची. मी कोपऱ्यात काहीतरी शिवत बसायची. दोघांना थोडं बोलू द्यायचं, आणि मुलगी आत गेली की मी शिवण खाली ठेवायची आणि म्हणायची, "मास्तर, एवढ्या लांबून आलात. आता एक प्रार्थना करा."

ही माझी युक्ती. कुणी शिकवलेली नाही. माणूस चहा पिताना खोटं बोलू शकतो, पगार वाढवून सांगू शकतो, पण डोळे मिटून देवाशी बोलायला लागला की त्याचं काही ना काही बाहेर पडतंच. एक जण आला, त्यानं प्रभूला आपल्या घराण्याची सगळी हकिकत ऐकवली. आजोबांनी कुठल्या साहेबाकडे नोकरी केली, थोरला भाऊ रेल्वेत कसा लागला. मला वाटलं, प्रभूला ह्याला नोकरी द्यायची आहे की काय. दुसरा एक इतका घाबरला की जेवणाआधीची प्रार्थना म्हणून मोकळा झाला. व्हरांड्यात जेवण नव्हतंच, नुसता चहा होता आणि तोही पिऊन झालेला. त्या बापड्याला मी मुलगी दिली. त्याचा संसार उत्तम झाला. भित्रा माणूस बायकोला त्रास देत नाही, हे माझं मत झालं ते तेव्हापासून.

श्रीगोंद्याकडचा एक कंपाउंडर होता. त्याला प्रार्थना करायला सांगायच्या आधीच तो म्हणाला, "मावशी, मला विचारायची गरज नाही. प्रभूनं स्वप्नात दाखवली आहे. निळं पातळ नेसलेली मुलगी, विहिरीपाशी उभी."

"अरे वा," मी म्हटलं. "मग ओळख बरं."

त्यानं विहिरीवर पाणी भरणाऱ्या मुलींकडे बघून बोट दाखवलं. बोर्डिंगातली सगळ्यात देखणी जी होती, तिच्याकडेच. मी म्हटलं, "बाळा, आमच्याकडे निळं पातळ कुणाकडेच नाही. सगळ्यांची पांढरी. इतकी वर्षं आमच्यावर नजर ठेवून असलेल्या प्रभूला एवढं ठाऊक नसेल का?" तो रागावून गेला. पुढे त्याला राहुरीकडची मुलगी मिळाली, आणि निळ्या पातळातलीच मिळाली असं ऐकलं. तेव्हा कदाचित स्वप्न खरं असेल, पत्ता चुकला असेल.

आमच्या पाळकसाहेबांना ही युक्ती पसंत नव्हती. "मेट्रनबाई, प्रार्थनेची परीक्षा घेऊ नये," असं ते एकदा मला म्हणाले. त्यांचं अगदीच चुकत होतं असं नाही. सुंदर प्रार्थना करणारा एक जण मला पुरता फसवून गेला. त्याच्या प्रार्थनेनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि पुढे त्याच्या घरी नांदताना त्या पोरीच्या डोळ्यांत. तिचं नाव इथं लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. आम्हा ख्रिस्ती लोकांत देवाला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असं लहानपणापासून कानी पडलेलं. मोटारीत बसायचं तर विचारून, मुलाला शाळेत घालायचं तर विचारून, म्हैस घ्यायची तर विचारून. विचारायला माझीही ना नव्हती. अडचण पुढची होती. मला कधी उत्तर ऐकू आलं नाही. मिसबाई रोज सकाळी बंगल्याच्या व्हरांड्यात शांत बसत आणि उठत त्या ठरवून उठत. "मला मार्गदर्शन झालं आहे," असं त्या म्हणाल्या की विषय संपला. मी सुप्यापलीकडच्या एका खेड्यातली, लवकर विधवा झालेली बाई. मी ज्वारी निवडताना प्रार्थना करायची. खडा दिसला की खडा काढायची आणि म्हणायची, प्रभू, आता काय करू? सूप रिकामं व्हायचं, दुसरं भरायचं, पण वरून काही उत्तर यायचं नाही. कित्येकदा वाटे, आपण खालच्या इयत्तेतल्या, आपल्याशी कोण बोलणार.

मुलींनी यावर आपला एक तोडगा काढला होता. आमच्याकडे नव्या वर्षाच्या दिवशी उपासनेनंतर वचनं काढायची पद्धत. शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, छोटी छोटी वचनं कागदाच्या पट्ट्यांवर लिहून, गुंडाळून एका पेटीत ठेवलेली असत. ज्याच्या हाती जे येईल ते त्याचं वर्षभराचं वचन. आधारासाठी, उत्तेजनासाठी. पण आमच्या पोरी खेड्यांतून आलेल्या. देवळात कौल लावताना त्यांनी पाहिलेलं, उजवं फूल पडलं की होय, डावं पडलं की नाही. बाप्तिस्मा झाला म्हणून ती सवय कुठं जाते? परीक्षेत पास होईन का, मावसभाऊ भेटायला येईल का, काहीही असलं की पेटी उघडायची आणि वचन काढायचं. पेटी मी कपाटात कुलपात ठेवायची. किल्ली खिळ्याला टांगलेली असायची, तेवढं सोडलं तर कुलूप पक्कं होतं.

एस्तेर ही माझ्या हाताखाली वाढलेली मुलगी. खर्ड्याच्या बाजूनं कुणीतरी तिला पोटाशी धरून आणलं तेव्हा ती चालत नव्हती. आई नाही, बाप नाही, आडनावसुद्धा आम्हीच लावलेलं. अभ्यासात हुशार, अक्षर मोत्यासारखं. सातवीची फायनल पास झाली. मिसबाईंच्या मनात तिला पुढे ट्रेनिंग कॉलेजला घालायचं होतं.

तेवढ्यात शांतवन मास्तर आले. आमच्याच जिल्ह्यातल्या, संगमनेरपलीकडच्या अकोल्याच्या डोंगरातले, मिशनच्या शाळेवर शिकवणारे. पायांत वहाणा, खांद्यावर पिशवी, कोट नाहीच, उसनासुद्धा नाही. एस्तेर चहा घेऊन आली तेव्हा दोघंही पायांच्या अंगठ्यांकडे बघत बसले. ती आत गेल्यावर मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "मास्तर, प्रार्थना करा."

त्यांनी डोळे मिटले. "हे प्रभू," म्हणाले, आणि थांबले. मग म्हणाले, "माझ्या आईला..." आणि पुन्हा थांबले. मी एक डोळा उघडून पाहिलं, तर माणूस रडत होता. आमेन म्हणायचंही राहून गेलं.

मग हकिकत कळली. हे शिकताना ख्रिस्ती झालेले. बाप आधीच गेलेला. भावकीनं नांगर द्यायचा बंद केला, बोलावणं बंद केलं. आई एकटी भातशेती करते. तिनं देव सोडला नाही आणि मुलगाही सोडला नाही. "ती मला काही बोलत नाही," मास्तर म्हणाले. "पण लोक तिच्याशी बोलत नाहीत, माझ्यामुळं. आता मी बायको आणणार तीही ख्रिस्तीच. आईला चालेल का, हेच मला कळत नाही."

माझ्या मनात ते भरले. मी मिसबाईंकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मेट्रनबाई, मी एस्तेरसाठी प्रार्थना केली आहे. मला स्पष्ट मार्गदर्शन झालं आहे. तिनं शिक्षिका व्हावं. आणि ज्या घरात मूर्ती आहेत तिथं एकट्या मुलीला पाठवणं मला धोक्याचं वाटतं."

झालं. एकाच देवाला दोघींनी विचारलं. त्यांना लख्ख उत्तर आलं आणि मला आलंच नाही. आता न आलेल्या उत्तराच्या जोरावर मी काय भांडणार? तरी माझा स्वभाव असा की गप्प बसवत नाही. मी म्हटलं, "एस्तेरला विचारू या." मिसबाई म्हणाल्या, "तिनंही प्रार्थना करावी."

त्या दिवशी दुपारी कोठीत गेले तर कपाट उघडं आणि एस्तेर जमिनीवर बसलेली, मांडीत वचनांचा ढीग. निम्मी पेटी तिनं उलगडलेली.

"हे काय चाललंय?"

ती दचकली, पण खोटं बोलायची सवय नव्हती. म्हणाली, "मावशी, बरोबरचं येईना."

"बरोबरचं म्हणजे?"

"हो म्हणणारं."

मला हसू आवरेना. एवढ्या पट्ट्या उलगडून बसण्यापेक्षा स्वतःच हो म्हण की, असं मी म्हटलं. तसा तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "म्हणावंसं वाटतं. पण मावशी, मी घरात कधी राहिलेच नाही. मला घरात राहता येत नाही. घरात उठायची घंटा कोण वाजवतं? जेवायला रांग नसते, मग कुठं बसायचं? ती बाई मला म्हणेल, हिला काहीच कसं येत नाही. मग मला परत पाठवतील."

इतकी हुशार मुलगी. गणितं तोंडी करायची. आणि घर म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. परत पाठवतील, हे ज्या तऱ्हेनं ती म्हणाली ते मला काट्यासारखं रुतलं. तिला एकदा कुणीतरी ठेवून गेलेलं. दुसऱ्यांदा तसं झालं असतं तर ती पोर सावरली नसती. कॉलेजात गेली तर सुखरूप राहील, पण तिथंही घंटाच. आणि डोंगरात पाठवली आणि त्या बाईनं तिला उंबऱ्याबाहेर ठेवली तर? पट्ट्या गुंडाळता गुंडाळता मी मनात म्हटलं, प्रभू, बाकी कशाचं सांगू नकोस, एवढं एक सांग. काही आलं नाही.

मग मी मिसबाईंना म्हटलं, "मी अकोल्याला जाऊन घर बघून येते." मुलाकडच्यांनी मुलगी बघायची ही रीत, मुलीकडच्या बाईनं उठून घर बघायला जायचं हे तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. मिसबाई थोड्या विचारात पडल्या. पण त्या न्यायाच्या बाई. म्हणाल्या, "जा. तोवर मी मास्तरांना उत्तर देत नाही."

तेव्हाच्या सर्व्हिस मोटारी पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागे ही एवढी टाकी, तिच्यात कोळसा पेटवलेला, आणि चढ आला की प्रवाशांनी उतरून ढकलायचं. संगमनेरवरून अकोल्याला पोचेपर्यंत माझं पांढरं पातळ लोहाराच्या बायकोच्या पातळासारखं झालं होतं. अकोल्याला मास्तर घ्यायला आलेले. तिथून चालत. भाताची कापणी होऊन गेलेली, डोंगराच्या उतारावर खाचरं रिकामी, आणि जिकडेतिकडे नव्या भाताचा वास. मी ज्वारीच्या देशातली, मला तो वास नवा.

खळ्यावर एक बाई भात झोडत होती. मास्तरांनी सांगितलं, ही आई. ठकूबाई नाव. वाळकी, काळीसावळी, काष्टा घट्ट मारलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं, हातातली पेंढी पुरी झोडली, खाली ठेवली, आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. मी सवयीनं ओंजळ पुढे केली. आमच्या लोकांना गावात पाणी वरून ओतलेलं प्यायची सवय असते, ती बाप्तिस्म्यानंसुद्धा जात नाही. ठकूबाईनं माझ्या ओंजळीकडे बघितलं आणि तांब्या हातात दिला.

"घ्या की. सांडंल."

आयुष्यात मी खूप पाणी प्याले. ते पाणी विसरले नाही.

मास्तरांना तिनं म्हशीला चारा टाकायला पिटाळलं, आणि आम्ही दोघी खळ्याच्या कडेला बसलो. घराचं दार उघडं होतं. आत कोनाड्यात शेंदूर लावलेला देव दिसत होता, आणि त्याला लागून एक काळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड पुस्तक. मी ओळखलं. मास्तरांचं शास्त्र. माझी नजर गेलेली तिनं पाहिली.

"त्याचा देव हाय त्यो," ती म्हणाली. "पोरगं कुठंबी टाकतंय. देव खाली ठिवत्यात का? मी वर ठिवला, आमच्याच्या शेजारी. भांडत न्हाईत."

मिसबाईंना मी हे कसं सांगणार, ह्याचा मला तिथंच विचार पडला.

थोडा वेळ ती भाताच्या काड्या चिवडत बसली. मग म्हणाली, "बाई, एक इचारते. तुमची पोरगी शिकल्याली. गोऱ्या बाईच्या हाताखाली वाढल्याली. ती माझ्या हातचं खाईल का?"

मी इथून तिथवर हाच प्रश्न घेऊन गेले होते, तो उलट्या बाजूनं. मला वाटत होतं ही बाई आमच्या मुलीला घरात घेईल का, आणि हिला धास्ती की आमची मुलगी हिला आपली म्हणेल का. मी म्हटलं, "खाईल. पण तुम्हीच बघा. तिला स्वयंपाक येतो तो शंभर जणींचा. दोघांचा येत नाही."

ठकूबाई पहिल्यांदा हसली. "मंग उरंल ते म्हशीला घालू. म्हस लई खाती."

"तिला घरात राहायची सवय नाही."

"मला तरी कुठं सुनंची सवय हाय?" मग जरा थांबून तिनं विचारलं, "तुमच्या देवाला इचारलं का तुमी?"

"विचारलं."

"काय म्हनला?"

मी मेट्रन. चर्चच्या मंडळीत माझा मान. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर काहीतरी सजवून सांगितलं असतं. पण त्या बाईपुढं मला ते जमेना. मी म्हटलं, "काही नाही म्हणाला."

"आमचाबी न्हाई म्हनत काई," ती म्हणाली. "कौल लावला दोन येळा. फूल मधीच चिकटून बसतंय. म्हंजी तो म्हनतोय, माझ्यावर ढकलू नगा, तुमीच बगा." आणि एकदम तिनं दुसरंच विचारलं, "आई न्हाई व्हय तिला?"

"नाही. तान्ही होती तेव्हापासून आमच्याकडे."

"मंग तिची येनी कोन घालीत हुतं?"

मी सांगू लागले की बोर्डिंगात रांग असते, सगळ्या एकीमागे एक बसतात, जी ती आपल्या पुढचीची वेणी घालते. "आणि शेवटी बसती तिची?" ठकूबाईनं विचारलं. मी म्हटलं, तिच्या मागे कुणी नसतं, तेव्हा तिची मी घालते. बोलताबोलता मला आठवलं. एस्तेर नेहमी शेवटी बसायची. लहान होती तेव्हापासून. दुसऱ्या मुली पुढे बसायला धक्काबुक्की करत आणि ही गुपचूप मागे सरकत जाई. मला वाटे, शहाणी आहे, दुसऱ्यांना पुढे जाऊ देते. मोठी झाली, फायनल पास झाली, तरी शेवटीच. इतकी वर्षं तिचे केस माझ्या हातात होते आणि ती मागे का बसते, हे मला त्या खळ्यावर, एका अनोळखी बाईनं विचारल्यावर कळलं.

मी पदर डोळ्यांना लावला. ठकूबाईनं हातातली काडी टाकली. म्हणाली, "मला येती येनी घालाया. पोराला लहानपनी घालीत हुते, नवसाचं हुतं म्हनून." आणि उठून पुन्हा भात झोडायला लागली.

नगरला परत आले ती थेट बंगल्यावर गेले. मिसबाईंनी विचारलं, "मेट्रनबाई, तुम्हाला मार्गदर्शन झालं का?"

"झालं बहुतेक. भात झोडणाऱ्या एका बाईच्या तोंडून."

"ती प्रभूला मानते का?"

"ती नाही मानत. पण प्रभू तिला मानत असावा असं दिसतं." हे माझ्या तोंडून गेलं आणि मला वाटलं, आज नोकरी गेली. मग मी कोनाड्याचं सांगितलं, काही लपवलं नाही. तांब्याचं सांगितलं. वेणीचं सांगितलं. वेणीचं ऐकून मिसबाई उठल्या, खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या अविवाहित, समुद्र ओलांडून आलेल्या, आणि त्या मुलीला त्यांनी अक्षरं शिकवली होती. तिथूनच त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तिला उत्तम ते द्यावं."

"तुम्ही दिलंतच," मी म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं.

त्यांनी एस्तेरला बोलावून घेतलं. त्या दिवशी त्यांनी तिला मार्गदर्शनाचं काही विचारलं नाही. नुसतं विचारलं, "तुला काय हवं?" एस्तेर म्हणाली, "मला त्या घरी जायचंय." इतकं सरळ ती पूर्वी कधी बोलली नव्हती. ती शिक्षिका झाली असती तर फार चांगली झाली असती, असं मला अजून कधी कधी वाटतं. मिसबाईंचंही काही खोटं नव्हतं.

नवं वर्ष लागल्यावर लग्न ठरलं. चर्चमध्ये तीन रविवार पुकारा झाला. आमच्यात लग्नाआधी पाळक भर उपासनेत दोघांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणतात. तिन्ही रविवारी मी मिसबाईंकडे चोरून पाहिलं. त्या गाण्याच्या पुस्तकात डोकं घालून होत्या. ज्वारी निवडताना माझी नेहमीची प्रार्थना चालूच होती, फक्त आता भीती वेगळी. खळ्यावरच्या गोष्टी खळ्यावर. भर चर्चमध्ये, चार शिकलेल्या लोकांत, भावकीची बोलणी खाऊन ती बाई येईल का? आणि ती आली नाही, तर एस्तेर कोणत्या तोंडानं त्या घरात पाऊल टाकणार?

लग्नाच्या दिवशी ठकूबाई आली. भावकीतलं कुणी नव्हतं. एकटी, हिरवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, कोळशाच्या मोटारीचं काळं तोंडाला तसंच. आमच्या मंडळीतल्या बायका जरा सावरून बसल्या. ती पुढच्या बाकावर पाय वर घेऊन बसली आणि छताकडे बघू लागली.

उपासना सुरू झाली. गीत झालं, वचन वाचून झालं. मग पाळकसाहेबांनी वधूवरांना पुढे घेतलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "ह्या वधूला ह्या वराच्या हाती कोण देत आहे?" ज्यांना बाप असेल तिथं बाप उत्तर देतो. अनाथ मुलींसाठी हे उत्तर कायम मिसबाई देत. त्या दिवशी त्या उठल्या नाहीत. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, तुम्ही.

मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. उठून उभी राहिले खरी, पण गळ्यातून आवाज फुटेना. पाळकसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. एस्तेरची मान खाली गेलेली मला मागून दिसत होती. ह्या मुलीला देणारं कुणी नाही, असाच माझ्या गप्प राहण्याचा अर्थ होत होता.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून ठकूबाई उठली. आमच्या विधीत तिला बोलायला जागाच नाही. ती पुढे गेली, एस्तेरच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि पाळकसाहेबांना म्हणाली, "देनारं कोन का असंना, बाबा. घेनारी मी हाय."

कुणी हसलं नाही. एस्तेरनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आणि मग माझाही आवाज फुटला. मी म्हटलं, "मी देते."